प्रॅक्टिकलची वेळ
कोऱ्या पाठ्यपुस्तकांचा वास आला की मला बुधवार पेठेतलं एक दुकान आठवतं. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतला होता आणि गावाकडे वडिलांची नोकरी सुटली होती, तेव्हा पुण्यात राहायचं तर काम शोधणं भाग होतं. संध्याकाळच्या शिकवण्या मिळत होत्या, पण वसतिगृहाचं दार सातला बंद व्हायचं. उरलं हे दुपारचं दुकान. छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे, सुतळीची धूळ, बाहेर रिक्षांचे हॉर्न. मालक गठ्ठा बांधत म्हणाले, “बारा ते सहा यावं लागेल.” मी म्हटलं, “अहो, दुपारी प्रॅक्टिकल असतात.” “मग कॉमर्स घ्या, सकाळीच सुटतं. गिऱ्हाईक काही तुमच्या परीक्षानळ्या धुऊन व्हायची वाट बघत नाही.” काउंटरपाशी उभ्या दोन मुली हसल्या. मीही हसले आणि सोमवारपासून येते म्हणाले. कॉलेजच्या खिडकीत कारकूनबाईंनी माझे मार्क पाहून विचारलं, “सायन्स का सोडताय?” “वेळ जमत नाही,” मी म्हणाले. त्यांनी शिक्का मारला. आज मी एका कंपनीचे हिशेब बघते, काम चोख करते. रसायनशास्त्रात तुला एवढं काय आवडायचं, असं परवा मुलीने विचारलं, तर मला काही सांगता येईना.