कॅम्प चारमधून शिरगावला

घर बदलून वर्ष होत आलं, पण त्या महिन्याचे किस्से काही संपत नाहीत. कुणी पाहुणा येतो, "काय मग, नवीन घर कसं?" म्हणतो, आणि आम्ही चौघंही एकदम बोलायला लागतो. घर दाखवायचं राहूनच जातं!

चौघं म्हणजे मी, माझा नवरा संतोष, आठवीतली सानवी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा वर्षं काढली. मग बदलापूरला, शिरगावात, चौथ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. ताबा लांबला, त्यामुळे इकडे भाडं चालू आणि तिकडे हप्ताही चालू. त्या महिन्यात आमच्यापैकी कुणी दहा मिनिटं एका जागी टेकलं असेल तर शपथ!

*

संतोष अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. नट-बोल्टचीही नोंद ठेवणारा माणूस. त्याने शिफ्टिंगचं बजेट मोबाईलवर लिहिलं आणि रविवारी आम्हाला समोर बसवून वाचून दाखवलं. टेम्पो, हमाल, खोके, दोरी, गॅस, वायफाय. शेवटी 'इतर', पाचशे रुपये.

आई म्हणाल्या, "पडदे?"

"आहेत की जुने."

"इथे खिडक्या दोन. तिथे चार."

संतोषने पडदे लिहिले.

"पडद्यांचे रॉड?" लिहिले. "रॉड ठोकणारा?" तोही लिहिला.

"आणि घर बघायला तुझ्या तिन्ही आत्या येणार. त्यांचं जेवण, साड्या?"

संतोष मोबाईल ठेवून उठलाच. "आई, तुझ्यापेक्षा बिल्डर परवडला!"

*

माझ्या तर डोक्यातून ती बेरीज जाईना. बसस्टॉपवर बेरीज, कपडे वाळत घालताना बेरीज. कुठून तरी तीन हजार कमी पडायचे, परत पहिल्यापासून सुरू.

एकदा पोळ्या लाटत होते. सानवी मागून म्हणाली, "मम्मी, किती झाल्या?"

मी म्हटलं, "सत्तावीस हजार चारशे!"

*

टेम्पोवाला सामान बघायला आला. दोन्ही खोल्यांतून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाभी, एक फेरा. फिक्स."

मला इतकं हलकं वाटलं! मी चहा ठेवायला वळले, तेवढ्यात आईंनी त्याला विचारलं, "माळा बघितलास का रे?"

तो शिडीवर चढला, माळ्यात डोकं घातलं. बराच वेळ डोकं बाहेरच येईना. मग वरूनच आवाज आला,

"भाभी, ऊपर कोई दूसरी फॅमिली रहती है क्या?"

दोन फेरे!

*

मग डिपॉझिट. घरमालक अंकल सिंधी, बाजारात कापडाचं दुकान. माणूस वाईट नाही, पण पैसे परत द्यायचे म्हटलं की त्यांना चष्म्याशिवायही बारीक दिसायला लागतं. हातात पेन घेऊन भिंतीभिंतीने फिरले. "इकतीस कील ठोके हैं. दीवार का सत्यानाश! कलर का पैसा कटेगा."

त्या पैशांवर तर टेम्पो ठरला होता.

आई दारात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यातले नऊ आधीच्या भाडेकरूचे. दोन तुमच्या मीटरचे. आलो त्याच दिवशी मोजून ठेवलेत."

अंकलनी पेन खिशात ठेवलं. "अम्मा, आप मेरी दुकान में क्यों नहीं बैठीं?"

डिपॉझिट पूर्ण मिळालं.

*

शिफ्टिंगच्या दिवशी शिरगावच्या सोसायटीचे सेक्रेटरी गेटवरच पावतीपुस्तक घेऊन उभे. "लिफ्टने सामान न्यायचा चार्ज आहे."

संतोष म्हणाला, "अहो, पण लाईट गेलीय. लिफ्ट बंद आहे!"

"हो ना," ते पावती फाडत म्हणाले, "लाईट आल्यावर माझी धावपळ नको."

सामान जिन्याने गेलं. हमालांनी मजल्यामागे वेगळे घेतले. संतोषने मोबाईल काढला, बजेट उघडलं, नुसतं बघितलं आणि परत बंद केलं.

*

वर पोचलो, तर आईंच्या बीपीच्या गोळीची वेळ. संतोषने पॅकिंग करताना खोक्यांवर मार्करने नावं टाकली होती. नावं कसली, चौदाच्या चौदा खोक्यांवर एकच शब्द: 'महत्त्वाचं'!

आम्ही तिघं खोके फाडत सुटलो. पहिल्यात मिक्सर, दुसऱ्यात सानवीची पुस्तकं, तिसऱ्यात चपला. संतोषला घाम फुटला. "मेडिकल कुठेय इथे?" म्हणत तो जिन्याकडे पळाला.

आईंनी त्याला हाक मारून थांबवलं. "अरे, गोळी माझ्या कनवटीला आहे. महत्त्वाचं मी खोक्यात टाकत नाही."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ड्युटीवरून आले, तर दाराला कुलूप. माझ्याकडच्या चावीने उघडलं. आईंचा फोन चार्जिंगला, आई नाहीत. खाली वॉचमन म्हणाला, "आजी तो दो बजे रिक्षा में बैठके गई."

नवीन जागा. धड रस्तेही माहीत नाहीत. संतोष अर्धी शिफ्ट टाकून आला आणि बाईकवर शिरगाव पालथं घालायला लागला. मी स्टेशनपर्यंत चालत गेले, दुकानादुकानात विचारत. हिरवी साडी, पांढरे केस, पायात निळी चप्पल. कुणी पाहिलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात अंकलचा फोन. "आपकी माताजी यहाँ है. चाय दी तो बोलती है, अभी टाइम नहीं."

आम्ही तसेच उल्हासनगरला गेलो. आमच्या जुन्या खोल्यांना कुलूप होतं. गॅलरीतल्या सार्वजनिक नळापाशी आई पदर खोचून उभ्या. शेजारच्या मंगलच्या बादल्या, हंडे, पिंप, सगळं काठोकाठ भरलेलं.

संतोषचा आवाज चढला. "आई! आपल्या नवीन घरी चोवीस तास पाणी आहे!"

"आहे ना," आई म्हणाल्या. "मग ते कुठे पळून जातंय?"

त्यांनी नळाखाली पुढची बादली सरकवली.

"हे पाच वाजता जाईल."