ओल्या कोटिंगवरचे थेंब

"हात जोड. नीट जोड. चेहरा दिसू दे."

सर मोबाईल आडवा धरून उभे होते आणि मी त्यांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटपुढं. कॉलनीतली तीन-चार माणसं जमली होती. एक बाई कुत्रं फिरवता फिरवता थांबली होती. मी हात जोडले आणि म्हणालो, "चूक माझी झाली. माझं कापड खराब होतं, त्यामुळं डाग पडले. मी सरांची माफी मागतो."

सरांनी तो व्हिडिओ तिथंच उभ्या उभ्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. जमलेल्यांच्या खिशातले मोबाईल एकामागोमाग वाजले. माझे हात जोडलेलेच होते. ते कधी सोडायचे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चूक माझी नव्हती. कापड कोरं होतं, पाकीट फोडून काढलेलं. डाग कशाचे आहेत हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि आत देवघराच्या खोलीत बसलेल्या त्यांच्या आईला तर माहीत होतंच. तरी मी बोललो. चाळिशीला टेकलेला, दोन लेकरांचा बाप, धडधाकट माणूस, आणि सांगितलं तसं पोपटासारखा बोललो. त्याची लाज मला आजही वाटते. का बोललो ते सांगतो.

मी गाड्यांना कोटिंग करतो, म्हणजे रंगावर चमकता पातळ थर चढवतो. लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच पोर्चमध्ये. पुष्कळांना वाटतं, बादली घेऊन आलेला धुणारा आहे. तसं नाही. गाडी आधी फेसानं धुवायची. मग चिकणमातीसारखा एक गोळा असतो, तो पत्र्यावरून हळूहळू फिरवून रंगात रुतलेली धूळ ओढून काढायची. मग मशीननं पॉलिश. बारीक ओरखडे जाईपर्यंत एकेका दारावर तास तास जातो. शेवटी बाटलीतलं कोटिंग, थेंब थेंब घेऊन, दोन-दोन फुटांच्या चौकोनात लावायचं. त्यावर तेलकट इंद्रधनुष्यासारखी झाक आली की कोऱ्या कापडानं पुसून सपाट करायचं. लवकर पुसलं तर बसत नाही, उशीर झाला तर दगड होतं. त्या मिनिटभराच्या अंदाजावर माझं पोट आहे.

सोलापूरच्या उन्हात पत्रा तापला की हे काम होत नाही. म्हणून मी पहाटे उजाडतानाच जातो आणि धूळ येऊ नये म्हणून पोर्चला जुन्या चादरी ओल्या करून बांधतो. आणि काम झालं की मालकाला एक गोष्ट बजावून सांगतो. पूर्ण एक दिवस गाडीवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. कोटिंग ओलं असतं. थेंब पडला की त्याचा डाग आत धरतो, मग पुसून जात नाही.

सरांनाही सांगितलं होतं. सर म्हणजे कॉलेजात शिकवणारे. शुक्रवार पेठेतलं जुनं घर सोडून जुळे सोलापुरात बंगला बांधलेला. माणूस बोलायला गोड. पहिले दोन दिवस मला "अहो" म्हणायचे. त्यांच्या पत्नी कपबशीतून चहा द्यायच्या, सोबत बिस्किटं. मलाही बरं वाटायचं. शिकलेली माणसं वेगळी असतात, असं मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा. ती भांडी लावत राहिली. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिसऱ्या दिवशी मी गाडीच्या आतलं काम काढलं. सीटं पुसायला घेतली तर सर कौतुकानं म्हणाले, अहो, जपून हं, सगळं अस्सल लेदर आहे. मी अंगठा दाबला. अस्सल कातडं दाबलं की अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या जमतात, माणसाच्या कातडीसारख्या. रेक्झिन नुसतं खाली बसतं. हे मला वडिलांनी शिकवलं, मी सहा-सात वर्षांचा असताना. मी सरांना दाखवलं की पुढच्या दोन सीटांचा बसायचा भाग तेवढा खरा आहे, मागचं सगळं रेक्झिन आहे, शोरूमवाल्यानं तुम्हाला गंडवलं. सर चकित झाले. म्हणाले, तुम्हाला कसं कळलं?

आणि मी फुशारलो. तिथंच चुकलो म्हणायचं तर चुकलो. म्हणालो, "सर, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कातडी कमावतात. आम्ही जातीनं ढोर. वडील डोळे झाकून सांगायचे, कातडं गाईचं का म्हशीचं."

माझ्या बापाचं ज्ञान होतं ते. बाभळीची साल आणि चुना यांत हात कुजवून मिळवलेलं. मला वाटलं, गुणाची कदर करणारा माणूस आहे, ऐकून खूश होईल. सर "अच्छा" म्हणाले. मग मोबाईल बघत आत गेले.

दुपारचा चहा कागदाच्या कपात आला. सरांच्या पत्नीनं आणला नाही, भिंतीच्या कठड्यावर ठेवून हाक मारली. बिस्किटं होती, पण कागदावर. मी तो चहा प्यालो. बघितलं, समजलं आणि प्यालो. इतक्या वेळा असं गिळलेलं असतं की घसा विचारतसुद्धा नाही. संध्याकाळी कोटिंग पुरं केलं. बॉनेटमध्ये पोर्चच्या छताचं प्लास्टर दिसत होतं, इतकी गाडी लखलखत होती. थेंब पडू देऊ नका, असं पुन्हा एकदा सांगून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. गेलो, तर सर आणि शेजारची माणसं गाडीभोवती उभी. "बघ, काय करून ठेवलंयस," सर म्हणाले.

बॉनेटवर पांढुरके ठिपके होते. बॉनेटपासून उजव्या दारापर्यंत एका ओळीत गेलेले, आधी दाट, मग विरळ. पाऊस असा पडत नाही. नळ असा उडत नाही. हात फिरवून शिंपडल्यावरच थेंब असे पडतात. मी वाकलो आणि वास घेतला.

तो वास मला ओळखायला शिकावं लागलं नाही. आमच्या घरात जनावरांच्या कातड्यांचे ढीग असायचे. गोमूत्र होतं.

मी मान वर करून सरांकडं बघितलं. ते शेजाऱ्यांकडं बघायला लागले. मग माझ्या खांद्याला हात न लावता, नुसत्या मानेच्या खुणेनं मला गाडीच्या मागं नेलं आणि हळू आवाजात बोलले. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला आता काय समजावणार. घरात कुणी येऊन गेलं की शिंपडते. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण हे लोक विचारतायत डाग कसे पडले, आणि माझी इथं काही एक प्रतिष्ठा आहे. तू समजूतदार आहेस. तुझ्या कापडामुळं झालं म्हणून सांग, विषय संपेल. कॉलनीतल्या पाच गाड्या तुझ्याकडं येणार आहेत, त्यांना मीच तुझं नाव सुचवलंय, हेही लक्षात ठेव.

घरी कुणी येऊन गेलं की, म्हणे. दूधवाला रोज येत होता. त्याच्या किटल्यांच्या जागेवर डाग नव्हते.

पाच गाड्या म्हणजे माझं दोन महिन्यांचं काम. मी "बरं सर" म्हणालो. मग तो व्हिडिओ झाला.

दिवसभर मी ते डाग घासले. कोटिंगमध्ये उतरलेला डाग वरवर पुसून निघत नाही. कोटिंगच काढावं लागतं, मशीन लावून, माझंच कालचं काम मीच खरवडून. मशीनच्या उष्णतेनं वास पुन्हा उठला. तो नाकात भरून राहिला आणि मी घासत राहिलो. डोक्यात एकच चाललं होतं. हे डाग माझे आहेत. म्हणजे मीच डाग आहे. गेले तीन दिवस मी या पत्र्यावर जिथं जिथं हात फिरवला, तिथं तिथं यांना घाण दिसली. मी चमक बघत होतो आणि ही माणसं घाण बघत होती. मला रडायला आलं. मशीनचा आवाज होता म्हणून कुणाला कळलं नाही.

उन्हं कलताना दुसऱ्यांदा कोटिंग लावून झालं. मी सामान भरायला लागलो. तेवढ्यात दारात सरांची आई दिसली. बारीकशी म्हातारी, हातात फुलपात्र, त्यात तुळशीची डहाळी. उंबऱ्याच्या आत उभी होती. मी जाण्याची वाट बघत होती.

सरांनी तिला बघितलं, मला बघितलं आणि म्हणाले, "झालं ना? नीघ आता."

सकाळी मी माझी अब्रू घालवली होती, ती कशासाठी? निदान आज तरी शिंपडणार नाहीत, एवढंसुद्धा त्या माफीनं मिळालं नव्हतं. उद्या पुन्हा डाग, पुन्हा फोन, पुन्हा हात जोड. अशी किती वर्षं? बाप कातडी कमावून काळे पडलेले हात लोकांपुढं मागं लपवून उभा राहायचा, मी पुढं जोडून उभा राहिलो. एवढीच आमची प्रगती. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"आजी," मी म्हणालो, "थांबू नगा. मी हितं हाय तवरच शिंपडा. माज्या डोळ्यांदेखत शिंपडा."

म्हातारी दचकली नाही. अगदी मायेनं बोलली, आणि तीच माया अजून मला झोपू देत नाही. "अरे बाळा, तुझ्यावर राग नाही रे माझा. या गाडीतून देवाला जायचं असतं. रीत आहे ती."

"मग त्या शिटावर शिंपडा की. गाईचं कातडं हाय ते. कुणीतरी सोललंय, आमच्यासारख्या कुणीतरी कमावलंय. त्याच्यावर बसून देवाला जाताय."

तिनं मुलाकडं बघितलं. "सीट कातड्याची आहे?"

"आई, तू आत जा," सर म्हणाले.

ती गेली नाही. फुलपात्र हातात तसंच धरून गाडीकडं बघत राहिली. माझा आवाज चढला होता, त्यामुळं शेजारी फाटकाशी आले. सकाळचीच माणसं होती. मी त्यांना सांगितलं की सकाळी मी खोटं बोललो. डाग गोमूत्राचे होते. माझ्या हाताचा विटाळ काढायला शिंपडलेलं होतं. कापड नवं होतं, काम चोख होतं, आणि हे सरांना तेव्हाही माहीत होतं.

 कुत्रेवाली बाई कुत्र्याच्या पट्ट्याशी खेळत राहिली. एक गृहस्थ म्हणाले, जाऊ द्या हो, कशाला वाढवताय. मी सरांना म्हणालो, व्हिडिओ काढून टाका. ते म्हणाले, "आता ग्रुपवर गेलाय. माझ्या हातात काही नाही."

मी म्हणालो, "कोटिंग ओलं हाय. आता डाग पडले तर ते तुमचे."

मी गेल्यावर तिनं शिंपडलं की नाही, मला माहीत नाही. पाच गाड्यांचे पाच निरोप दोन दिवसांत आले. सगळ्यांनी नम्रपणे नाही म्हटलं.

व्हिडिओ मात्र फिरत राहिला. कुणी कुणाला पाठवला, देव जाणे. आमच्या वस्तीत पोचला. पेट्रोल पंपावर एका पोरानं मला ओळखलं आणि हसला. बायकोनं तो भाकरी थापता थापता बघितला, पुरा बघितला. पीठ लागलेल्या हातानं मोबाईल मला परत दिला आणि एवढंच विचारलं, "चुकी नव्हती तर हात कशाला जोडलं?"

 फाटकाशी मी खरं बोललो ते कुणी चित्रित केलं नव्हतं. मोबाईलमध्ये मी अजून हात जोडून उभा आहे. काळा पत्रा समोर आला की त्यावर नसलेले ठिपके मला दिसतात. एकदा एका गाडीचं बॉनेट मी तीन वेळा पुसलं. मालक म्हणाला, अहो, काही नाहीये तिथं. मी वाकून वास घेत होतो.

परवा त्या कॉलनीतून फोन आला. "जाऊ द्या हो" म्हणणारे गृहस्थ. नवी गाडी घेतलीय, तुमच्यासारखा हात सोलापुरात दुसरा नाही, झालं गेलं विसरा, घरी या. आमच्याकडं तसलं काही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी फाटकाशी काय बोललो, ते तुमी ऐकलंत ना?"

"ऐकलं की."

"मग ते तुमच्या ग्रुपवर लिवा. डाग कशाचे हुते, तुमच्या नावानं लिवा. मग मी येतो."

 मग ते म्हणाले, त्याचा आणि माझ्या गाडीचा काय संबंध? मी फोन ठेवला.

काम मला हवं आहे. थोरलीची शाळा आहे, मशीन जुनं झालं आहे. पण ते लिहीत नाहीत तोवर त्या कॉलनीतल्या एकाही गाडीला मी हात लावणार नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या पोर्चमध्ये गेलो, तर चादरी बांधायच्या आधी फाटकाशी उभा राहून माझी जात सांगतो. ज्याला शिंपडायचं असेल त्यानं तेव्हाच सांगावं. मी गाडी न धुता परत जाईन. माफी मागणार नाही.