मुहूर्ताच्या वड्या आणि पांढरी गच्ची

आमच्या छोट्या साप्ताहिकाचं मागचं पान माझ्याकडे असतं. कोणत्या भागात पाणी येणार नाही, कुठल्या बगिच्याचं फाटक उन्हाळ्यात दुपारीही उघडं राहणार, म्हाताऱ्या माणसांना काठ्या आणि कानाची यंत्रं कोणत्या शिबिरात मिळणार, अशा बातम्या. झोन ऑफिसातून प्रेसनोट येते आणि मी ती माणसांच्या मराठीत लिहून काढते. लोक आधी राशिभविष्य वाचतात, मग मला. मी नागपुरात बेसाला राहते. तिथं टँकर आला नाही की शेजारपाजारचे माझ्याकडे असे बघतात, जणू टँकर मीच चालवते.

प्रेसनोटमध्ये माणूस कधी नसतो, लाभार्थी असतो. हा लाभार्थी बसत नाही, झोपत नाही, कुणावर चिडत नाही, नुसता लाभ घेतो. मी तो शब्द काढते, संपादक तो परत घालतात. आमचं हे भांडण जुनं आहे आणि दोघांनाही त्याची सवय झाली आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर छोट्या घरांच्या गच्च्यांना पांढरा लेप लावून देण्याची योजना आली. ऊन परत फिरतं, खोली थंड राहते, वीज लागत नाही. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल सुरू झाला की आपण सकाळी उशिरात उशिरा अकराला दारं लावून घेतो ती संध्याकाळी उघडतो. त्या वेळात कुणाच्या दारावर थाप मारायची नसते. थाप पडलीच तर घरातले आधी दचकतात, कारण एकतर कुणीतरी गेलेलं असतं किंवा थाप मारणाऱ्याला रीतभात नसते.

उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या पलीकडे, विणकरांची एक जुनी वस्ती आहे. माग आता फारसे उरले नाहीत. पोरं दुकानांत, कंपन्यांत लागली. तिथल्या एका आजींनी सगळ्यांत आधी अर्ज केला. खोली आणि स्वयंपाकघर एवढंच घर, हात वर केला तर लागेल एवढी बुटकी स्लॅब, बाहेरून लोखंडी शिडी. आजोबांनी जन्मभर लुगडी विणली. माग निघाला त्या कोपऱ्यात आता त्यांची बाज होती. पाय गेले होते. आधार दिला तर उठून बसत, एवढंच. आदल्या मे महिन्यात त्यांना घरातल्या घरात ऊन लागलं. दवाखान्यातून परत आणताना डॉक्टर आजींना म्हणाले होते, की पुढचा उन्हाळा ही खोली अशीच तापली तर मी काही सांगू शकत नाही. कूलर होता, पण नळाला येणारं पाणी कूलरला द्यायचं की माणसांना, हा रोजचा प्रश्न होता.

लेप लागला. प्रेसनोटसोबत फोटो आला: पांढरीशुभ्र कोरी गच्ची, एक अधिकारी, आणि उन्हानं डोळे बारीक केलेल्या आजी. त्या आठवड्यात एक जाहिरात आली नाही म्हणून संपादकांनी तो फोटो चांगला मोठा छापला. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा लाभार्थ्याचा चेहरा तरी दिसला.

चार-सहा दिवसांनी आजींचा फोन आला. नंबर कुठून मिळवला देव जाणे.

"बाई, तुमच्या पेपरानं माह्या नातीचं लग्न मोडलं असतं."

मी म्हटलं, "काहून? काय झालं आजी?"

"काय झालं थे येऊन पाहा. मले फोनवर सांगता नाही येत."

मी गेले. बातमीदाराला कुतूहल असतं म्हणून गेले, काळजी वाटली म्हणून नव्हे. हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं मी बरीच गुंतले.

झालं होतं असं. नात आजींजवळच वाढली होती, तिचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. आमच्याकडे लग्न ठरलेल्या घरात आधी मुहूर्ताच्या वड्या पडतात. सवाष्णी जमतात, भिजवून वाटलेल्या मुगाच्या वड्या घराच्या गच्चीवर घालतात. पहिल्या दोन मोठ्या, त्यांना हळदकुंकू लावायचं, त्या नवरा-नवरी. मग बाकीच्या ओळीनं. एप्रिलात लग्नघराची गच्ची वड्यांनी भरलेली असते, ते लांबून बघणाऱ्यालाही कळतं. आजींच्या गच्चीचा फोटो कुणीतरी मोबाइलवर पुढं पाठवला, तो फिरत फिरत उमरेडला नवऱ्या मुलाच्या घरी पोचला. त्यांनी योजना वाचली नाही, कोरी गच्ची पाहिली. लग्न महिन्यावर आलंय आणि गच्चीवर एक वडी नाही? घरात सुतक आहे, नाहीतर यांचा विचार बदललाय. त्यांनी फोन करून विचारलंच, काही झालं काय म्हणून.

"म्या काय सांगू त्याईले?" आजी म्हणाल्या. "पेंटरनं सांगतलं का यावर चालू नका, काही वाळू घालू नका, मळलं का काम गेलं. मंग म्या चुपचाप थोड्या घालून पाहिल्या. गच्ची तापतच नाही. वरून वाळल्या, खालून वल्ल्याच. वास मारे. अशा वड्या देऊ काय नातीच्या रुखवतात?"

बोलता बोलता त्या उठल्या. दाराशी बादली होती, त्यात तारेचा ब्रश. मी शिडीवरून वर डोकावले, तर एका कोपऱ्यातला लेप घासून काढायला त्यांनी सुरुवातही केली होती. तेवढा तुकडा खालच्या काळपट सिमेंटचा दिसत होता.

मी खाली आले. दुपार व्हायला आली होती, पण खोली खरंच निवांत होती. भिंतीला हात लावला, तर माझ्या बेसाच्या फ्लॅटपेक्षा ही भिंत गार. आजोबा बाजेवर पडून वर बघत होते. आजी बादली घेऊन पुन्हा वर गेल्या आणि घासण्याचा आवाज सुरू झाला, अगदी त्यांच्या डोक्यावर.

"आजोबा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"घासू दे तिले," ते म्हणाले. "पोरगी एकदाच जाते घरातून. मी काय, मी त जाऊनच राहिलो."

"दुपारची झोप लागते ना पण आता?"

"लागते," ते म्हणाले, आणि थोडे लाजले. "लय वर्षानं लागते. लहान लेकरासारखा झोपतो."

मला राग आला. आजींचा नाही, आजोबांचा नाही, त्या उमरेडच्या लोकांचाही नाही, पण आला. मी बाहेर जाऊन झोन ऑफिसातल्या तरुण इंजिनीअरला फोन लावला. अर्धी गच्ची पांढरी आणि अर्धी साधी ठेवता येईल का, असं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, खोली एकच आहे. अर्धी तापली की सगळी तापते. आणि एकदा काढलं की परत लागणार नाही, पुढचे अर्ज रांगेत थांबलेत." त्याचं काहीच चुकत नव्हतं. म्हणून मी आणखी चिडले.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर शेजारीण आली. दोन्ही गच्च्यांच्या मधे हात जाईल एवढीच फट. शेजारणीची सून बाळंतपणानंतर नुकतीच घरी आली होती, आणि बाळासाठी म्हणून शेजारणीनंही अर्ज केला होता. तिचा नंबर लागला होता. पेंटर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. तिनं कमरेवर हात ठेवून आजींना पाहिलं.

"अवं काकू, काय करून राहिली तू? बुढ्याले मारतं काय?"

"मले का हौस आहे काय वं? वड्या कुठं घालू, तुह्या डोक्यावर?"

"माह्या गच्चीवर घाल."

आजींनी ब्रश खाली ठेवला. "तुही गच्ची उद्या पांढरी होते."

"नाही होत. पेंटरले म्हणते, मंग ये."

मला वाटलं, सुटलं. पण सुटलं नव्हतं. आजी म्हणाल्या, मुहूर्ताच्या वड्या दुसऱ्याच्या घरावर घातलेल्या त्यांनी आजवर पाहिल्या नाहीत; नातीच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, मुलीच्या घराला छप्पर नव्हतं काय? शेजारीण म्हणाली, कळेल कसं. आजी म्हणाल्या, देवाला तर कळेल. दोघींचा आवाज चढला. आजूबाजूच्या दारांच्या फटी उघडल्या. ते अकरानंतरचं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

खालून आजोबांनी हाक मारली. त्यांचा आवाज बारीक, म्हणून मी जाऊन ऐकलं आणि शिडीपाशी येऊन वर सांगितलं. त्यांचे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

"तिले इचार, आपला माग होता तवा सुताचा ताना कुठं ताणत होतो? गल्लीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याले खळ लावत होतो, सुकवत होतो. कोणाच्या दारासमोरून गेला, कोणाचं अंगण लागलं, कोणी इचारलं काय? लुगडं मात्र आपल्याच घरचं म्हणत होते ना सारे?"

आजींनी ब्रश बादलीत टाकला आणि शेजारणीला विचारलं, तुझ्याकडे जुनं धोतर आहे का स्वच्छ, अंथरायला. मी निघाले तेव्हा त्या घासलेल्या कोपऱ्यावर हात फिरवत होत्या.

वड्या पडल्या. मला बोलावलं होतं, पण त्या दिवशी पाणीपुरवठ्याची एक बैठक होती आणि मला पान लावायचं होतं. नातीनं फोटो पाठवला. वड्याच वड्या, आणि कडेला नवरा-नवरी, कुंकवानं लाल झालेले. फोटो इतका जवळून काढलेला होता की गच्ची कुणाची ते देवालाच कळलं असतं. उमरेडकडचे खूश झाले. लग्न लागलं. माझ्या वाट्याला एक डबा वड्या आल्या, त्या मी पावसाळ्यात वांग्यात घालून खाल्ल्या. खमंग होत्या.

पेंटर पुढच्या वस्तीत गेले. शेजारणीनं "मंग" म्हटलं होतं, त्या "मंग"च्या वेळेला लेपाचं सामान संपलं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं तिला सांगितलं गेलं. अशा वेळी माझ्याकडे पाठपुरावा हा एक शब्द असतो, आणि मी तो केला. इंजिनीअर मुलानंही केला, हे नमूद करायला हवं. सामान आलं नाही. झोन ऑफिसच्या पुढच्या प्रेसनोटमध्ये लिहिलं होतं की वस्तीतील सर्व इच्छुकांना लाभ देण्यात आला. ते वाक्य मी छापलं नाही. संपादकांनी विचारलं, का काढलं? मी म्हटलं, जागा नव्हती.

लग्नानंतर मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा त्या वस्तीत गेले. योजनेचा उपयोग कितपत झाला, यावर चार ओळी लिहायच्या होत्या. आधी शेजारणीकडे जायचं ठरवलं होतं. तिला विचारलं असतं, की पुन्हा तशी वेळ आली तर नंबर सोडशील का. ती गल्लीतच भेटली, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन नळावर निघालेली. मी विचारलंही. तिनं मला मूर्खात काढलं. "लग्न होतं बाई घरात. ऊन त दरसाली येते," म्हणाली, आणि भांडं घेऊन पुढं गेली. मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

दुपारचे दोन वाजून गेले होते. थाप मारण्याची ही वेळ नव्हे हे मला माहीत होतं, पण रामदासपेठेतलं एक काम उरकून यायला उशीर झाला होता. आजींच्या दारापाशी पोचले तर थाप मारायची गरजच नव्हती. दार उघडं होतं. वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला विटेचा अडसर लावला होता. गल्लीतली झळ सरळ आत जात होती. भर मेमध्ये, भर दुपारी, सगळ्या गल्लीत तेवढं एकच दार उघडं.

आत आजी ओल्या फडक्यानं आजोबांचे पाय पुसत होत्या. खोली एप्रिलात लागली होती तशी गार नव्हती. आजोबांच्या कपाळावर घाम होता.

"आजी, दार लावा ना. लेप लावून काय उपयोग, असं दार सताड ठेवलं तर? डॉक्टर काय म्हणाले होते?"

आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्या रोज लावते. हे रोज उघडाले लावतेत."

आजोबांनी हात वर केला. बोलायला त्यांना थोडा वेळ लागला.

"थे सून आहे ना बाजूची. लेकरू घेऊन येते दुपारी, इथं झोपते जरासं. तिच्या घरात भट्टी झाली. पण दार बंद दिसलं का परत जाते. थाप नाही मारत."

मी वही काढली नाही. बाहेर चपला वाजल्या, बाळाचं रडणं जवळ आलं. आजींनी पाय पुसणं थांबवलं. आजोबांनी दोन्ही कोपरं बाजेवर रोवली, पाय मागं ओढत, दम घेत घेत, भिंतीकडे सरकून बाळापुरती जागा केली.