काटा तोच होता का?

आर्वीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं शाळेत चिठ्ठी आणून दिली तेव्हा मी विज्ञानाचा तास घेत होते. मामा गेले... खडू हातातच राहिला.

मामा आर्वीच्या कापूस बाजारात मापारी. माल चढवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे ना, हे वाकून बघायचे. शेतकरी वैतागे, व्यापारीही. "घाई असंन तर घरी जाय," मामांचं ठरलेलं उत्तर.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त बर्फात घालून मुंबईच्या लॅबला जाऊ लागलं. पहिला आकडा आला तसं मामांनी विचारलं, "डाक्टरसाहेब, मंग कॅन्सरची कितवी पायरी?" डॉक्टर हसले. म्हणाले, "पायरी या आकड्यावर ठरत नाही. कापलेलं आतडं आणि गाठी तपासून ती ठरली, दुसरी. हा रक्तातला आकडा पुढच्या राखणीसाठी, चढला तर कॅन्सर परतला का ते बघायचं."

आकडा उतरत गेला. मी बीएस्सी झालेली शहाणी, त्याचा आलेख काढायचे. पाचव्या खेपेला मीच घाई करून रक्त नागपूरला दिलं, आणि आकडा दुपटीनं चढला! मामी रडायला लागली. मामांनी कागद उलटसुलट पाहिला.

"काटा तोच होता का?"

"नाही मामा, दुसरी लॅब."

"मंग दोन काट्यांची वजनं काऊन जोडून राह्यली, पोरी? मास्तरीण ना तू?"

रक्त पुन्हा मुंबईला गेलं. आकडा जागच्या जागी होता. डॉक्टरांनीही मामांचीच बाजू घेतली आणि मला फार लाज वाटली.

पुढच्या वर्षी मात्र मुंबईचाच आकडा चढला. महिन्याभरानं पुन्हा पाहिला, तर आणखी. मी म्हटलं, लॅबचीच चूक असेल. मामा शांतपणे म्हणाले, "काटा तोच हाये. त्याले बदनाम करू नको." पोटाची तपासणी झाली, दुखणं यकृतात पोचलं होतं. आठवड्याभरात त्यांनी बाजारातलं काम सोडलं आणि बरीच वर्षं टाळलेलं केळझरच्या गणपतीचं दर्शन मामीला घडवून आणलं. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेराव्यानंतर टपालानं शेवटचा रिपोर्ट आला. "आता काय पाहतं त्यात?" मामी म्हणाली. तरी मी पाकीट फोडलं. आकड्याआधी माझी नजर वर छापलेल्या लॅबच्या नावावर गेली... मुंबईचीच. काटा तोच होता. आकडा न वाचताच मी कागदाची घडी केली आणि मामीच्या कुशीत शिरून रडले.