ताटावरचं नाव

आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. परवा मीही नव्या डब्यांवर नाव घालून घ्यायला भांड्यांच्या दुकानात उभी होते. माझ्यापुढे पन्नाशीचं एक जोडपं होतं. बाईंनी पिशवीतून स्टीलचं जुनं ताट काढलं. काठावर एका मुलाचं नाव होतं आणि खाली 'पहिल्या वाढदिवसाला, आई-बाबांकडून'.

"हे नाव काढून केतकी घाला," बाई म्हणाल्या.

नाव घालणारे काका चष्म्यावरून बघत राहिले. "ही कोण?"

"आमचीच. मुलगा म्हणून वाढवली, पण ती मुलगी आहे," नवरा म्हणाला. "तिनं सांगितलं, तरी आम्हाला पटायला वर्ष गेलं."

"मग नवंच ताट घ्या की. घासलं तरी खूण राहील."

"राहू दे. ती याच ताटात जेवते," बाई म्हणाल्या.

ते जुनं नाव मी वाचलं होतं, पण इथे लिहीत नाही. त्यांनी पुसायला आणलेलं मी कशाला पुन्हा कोरू? नाव बदललं की पोर हातची गेली, असं आपण किती पटकन धरून चालतो! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितो, तेव्हा मात्र पेढे वाटतो.

काकांनी जुनं नाव घासलं, नवं कोरलं आणि मशीन थांबवून विचारलं, "खालची ओळ?"

"ती राहू द्या," नवरा म्हणाला. "देणारे तेच आहेत."