वरच्या मॉडेलची गाडी

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी आमचे मालक ती पालथी करून बघत आणि दुकानदाराला विचारत, "ह्याच्यापरीस वरचं काय हाय?" चपला घेताना विचारत, छत्री घेताना विचारत. एकदा चिंचवडच्या बाजारात त्यांनी खराट्याच्या बाबतीतही हेच विचारलं. खराट्यात वरचं-खालचं नसतं, असं दुकानदारानं सांगितल्यावर ते खराटा न घेताच परत आले.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मला मात्र त्याच्या हाताखाली नोकरी करावी लागली. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते आणि त्यांच्या बांधकामाची खडी आमच्या मालकांच्या खाणीतून जायची. मी त्यांचा कारकून. वडिलोपार्जित जमिनीत दगड निघाला, यापलीकडे त्यांचं कर्तृत्व नव्हतं. पण बोलणं असं, की जणू तो दगड त्यांनीच तिथं पुरून ठेवला होता.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनींना दमा होता. उपचारासाठी वरचेवर पुण्याला जावं लागे आणि स्टेशनपर्यंत पोचण्यातच त्या अर्ध्या होत. डॉक्टरांनी सुचवलं, ऐपत आहे तर मोटार घ्या. मालकांनाही ते पटलं. म्हणजे गाडी घ्यायची ठरली ती वहिनींसाठी, हे ध्यानात ठेवा. मालक ते पुढं विसरले.

पुण्याच्या मोटारवाल्याकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कुणीतरी मागणी रद्द केल्यामुळे एक साधी, काळी गाडी लगेच मिळण्यासारखी होती. मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वरचं मॉडेल होतं: अंगावर दोन रंग, बाजूला चकचकीत पट्ट्या, आत घड्याळ आणि रेडिओ. इंजिन तेच आणि बसायची जागाही तेवढीच, हे मोटारवाल्यानं स्वतःहून सांगितलं. ती यायला पावसाळा उलटेल, हेही सांगितलं.

मालक म्हणाले, विचार करतो. मग त्यांनी खाणीवर आलेल्या इंजिनिअरला विचारलं, देवळातल्या गुरवाला विचारलं, दाढी करता करता न्हाव्याला विचारलं, की जास्तीचे पैसे घालावेत का साध्यावर भागवावं. जो साधी घ्या म्हणे त्याला यातलं काही कळत नाही, असं ते ठरवून टाकत. मीही साधीच म्हटलं. "तू साधाच ऱ्हाणार," ते म्हणाले.

वहिनी एकदाच बोलल्या, माझ्यासमोर. "मला घड्याळ नगं. बसून जाता आलं म्हंजी झालं."

"अगं, गावातनं जाताना लोकांनी बघाया नगं का?" मालक हसून म्हणाले. काळी गाडी दुसऱ्या कुणीतरी नेली.

पावसाळा सुरू व्हायच्या आधीच एका दुपारी वहिनींना असा झटका आला की ओठ निळे पडले. पुण्याकडची आगगाडी नुकतीच निघून गेली होती. दारात खडीनं भरलेला ट्रक होता. मालकांनी तो तिथंच रिकामा करायला लावला. ड्रायव्हरशेजारी वहिनींना धरून ते बसले, मी मागं हौद्यात. मधल्या खिडकीतून मला दिसत होतं, त्या तोंड उघडून श्वास शोधत होत्या आणि मालक उपरण्यानं त्यांच्यापुढची धूळ पुसत होते. पुसावी तेवढी ती जास्तच उडत होती. मला त्या माणसाची कीव यायला हवी होती. आली नाही.

वहिनी वाचल्या. दिवाळीच्या सुमारास गाडी आली, खाली हिरवी, वर पांढरी. बघायला गाव लोटला. मालकांनी मागचं दार उघडून धरलं. वहिनी ओसरीवरून शांतपणे म्हणाल्या, "मला ट्रकाची सवं झालीया. तुमी बसा."

दोन दिवसांत राग निवळेल, असं मालकांना वाटलं. तो निवळला नाही. वहिनी पुण्याला ट्रकातूनच जात. संध्याकाळी नदीकाठच्या देवळात जात त्या चालत, जागोजागी दम खात. मागून ती दोनरंगी गाडी बैलगाडीच्या वेगानं सरकत असे. आत रेडिओ गात असे आणि खिडकीतून मालक म्हणत, "बस की आता." लोक दारात येऊन हसत. मीही हसत असे. त्यांनी ते कमावलंच होतं.

पुढं मला पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तर घरी कुणी नव्हतं, म्हणून देवळाच्या वाटेला लागलो. वहिनी पुढं चालल्या होत्या. मालक गाडीत नव्हते. ते वहिनींच्या मागून पायी येत होते, हातात फुलांची परडी. त्या थांबल्या की तेही थांबत आणि भलतीकडे बघत. बऱ्याच अंतरावरून ड्रायव्हर रिकामी गाडी आणत होता. रेडिओ बंद होता.

देवळाच्या पायऱ्यांपाशी वहिनींनी मागं न बघता हात लांब केला. मालकांनी घाईघाईनं परडी पुढं केली. वहिनींनी परडी घेतली नाही. त्यांचा दंड धरला, आणि एकेक पायरी चढू लागल्या.

मी निरोप न घेताच परतलो.