मऊ करून घेतलेले बूट

नवी वहाण मला हमखास चावते. लहानपणी नाशिकला शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात माझ्या दोन्ही टाचांना फोड यायचे, म्हणून वडील नव्या बुटांना एरंडेल चोळून ठेवायचे. आता चाळिशी उलटली, कुवेतमध्ये इंजिनिअर म्हणून मिरवतो, पण पाय तेच राहिले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं कारण कळेल. समर्थन म्हणून सांगत नाही, कारण समर्थन करण्यासारखं त्यात काही नाही.

कुवेत शहराबाहेर अम्गऱ्याला आमच्या कंपनीचं यार्ड आहे. तिथे पाइप कापायचे, जोडायचे, रंगवायचे आणि तेलाच्या कामांवर धाडायचे. ते यार्ड माझ्या ताब्यात होतं. तिथे एक वेल्डर होते, देवगडच्या बाजूचे, पन्नाशी ओलांडलेले. बायको-मुलं गावाला आणि हे इथे कंपनीच्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर. यार्डातली झाडून सगळी मराठी माणसं त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो.

त्या हिवाळ्यात आमच्या मुदीरने, म्हणजे कुवेती मोठ्या साहेबाने, मला शिकारीला बोलावलं. दर वर्षी वाळवंटात त्याचा तंबू लागायचा आणि दर वर्षी ऑफिसातली दोन-तीन माणसं तिकडे जाऊन यायची. आठ वर्षं मी त्यांच्या गप्पा नुसत्या ऐकत होतो. आता माझा नंबर लागला होता. "आम्ही गाडीतून शिकार करत नाही," तो म्हणाला. "आजोबा पायी जायचे, आम्हीही पायी जातो. पहाटे निघायचं, हातावर ससाणा, आणि चालत राहायचं. बूट नीट घे. गेल्या वर्षी एक जण ऑफिसचे बूट घालून आला होता, त्याला आम्ही अजून हसतो."

शिकारीचे परवाने वगैरे आहेत का, हे मी विचारलं नाही. मला एकच चिंता पडली, की पुढच्या वर्षी हसण्यासाठी त्यांना मी मिळू नये.

कुवेतला कसली आली थंडी, असं नाशिकचे नातेवाईक विचारतात. जानेवारीतल्या पहाटे उघड्या वाळवंटात उभं राहून बघावं. बाहेर ठेवलेल्या बाटलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि वारा असा सुटतो की नाक जागेवर आहे का हे हात लावून बघावं लागतं.

मामांनी तरुणपणी शिकार केली होती. गावच्या मंडळींबरोबर डुकराच्या मागावर रानात दिवसदिवस चालायचे, त्या गोष्टी जेवणाच्या सुट्टीत ते रंगवून सांगत. शिवाय आमचा दोघांचा पाय नऊ नंबर. एकदा सेफ्टी शूजच्या वाटपात हे माझ्या लक्षात आलं होतं आणि नको तिथे लक्षात राहिलं. शुक्रवारी मी त्यांना खोलीवरून गाडीत घेतलं आणि एगैलाच्या मॉलमध्ये गेलो.

थंडीचं सामान तिथे वेगळं मांडलेलं होतं. तंबू, कोळशाच्या शेगड्या, थर्मास, आतून केसाळ कातडं लावलेले लांब झगे आणि एका भिंतीला बूटच बूट. प्रत्येक बुटाच्या चिठ्ठीवर आतल्या उबदार अस्तराचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं. दोनशे, चारशे, आठशे. मी मिठाईच्या दुकानात उभं राहिल्यासारखा सरळ आठशेला हात घातला.

"नको साहेब," मामा म्हणाले. "चालणाऱ्याला एवढी लोकर नको. पाय घामेजतो. मग तुम्ही थांबलात की तोच घाम गार पडतो. एका जागी बसून राहायचं असेल तर गोष्ट वेगळी."

मी चारशेवर आलो. त्यांनी तेही बाजूला ठेवलं, कारण पुढे लोखंडी टोपी होती. "लोखंड गारठतं. बोटं बधिर होतात, साहेब, नंतर दुपारपर्यंत कळत नाय ती आपलीच आहेत की नाय." मग त्यांनी दोनशे ग्रॅमचा एक तपकिरी जोड काढला, उलटा केला आणि तळ बोटांनी दाबून पाहिला. थंडी वरून येत नाही, खालून येते, म्हणून तळ जाड हवा, असं त्यांचं म्हणणं. नऊचा पाय असला तरी बूट दहाचा घ्यायचा, जाड मोजा घालायचा आणि आत बोटं हलतात का ते बघायचं. "घट्ट बूट म्हणजे गार बूट," ते म्हणाले. जीभ बाजूंना शिवलेली आहे ना, हेही त्यांनी तपासलं, नाहीतर वाळू आत जाते. विक्रेता पोरगेला फिलिपिनो होता, तो आमच्याकडे नुसता बघत राहिला.

माणूस एवढ्या बारकाईने बोलतो तेव्हा त्याला हे कुठून माहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला पडला नाही. लोखंडी टोपीचे बूट यार्डात रोज पहाटे कोण घालतं, आणि ती बोटं कुणाची बधिर होतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बूट घेतले, आम्ही गाडीपाशी आलो. मी मागच्या सीटवर बसून ते पायात चढवले आणि चार पावलं चाललो. बूट चांगलेच होते, पण टाचेला आतला काठ लागत होता आणि माझ्या टाचा आधीच रडायला लागल्या होत्या. मामांना म्हटलं, घालून बघा. त्यांना अगदी बसले. तेव्हा मी म्हणालो, "मामा, मग तुम्हीच घाला हे. पहाटे यार्डात थंडी असते."

शब्द न् शब्द आठवतो. 'पंधरा दिवस', 'मऊ करून द्या', असं काहीतरी पुढे जोडायचं होतं. ते घशात होतं, बाहेर आलं नाही. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला, माझे बूट तुमच्या पायांनी मऊ करा, असं कसं सांगायचं? सांगायची लाज वाटली. करायची वाटली नाही.

मामांनी वाकून लेस पुन्हा नीट बांधली. मग म्हणाले, "बरं साहेब." वाटेत नेहमीसारख्या शिकारीच्या गोष्टी निघाल्या नाहीत. मी समजलो, दमले असतील.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरच्या मागून चाललो होतो. मामा पाइपांच्या ढिगावर बसून बायकोशी व्हिडिओवर बोलत होते. एक पाय वर उचलून त्यांनी फोन बुटासमोर धरला होता. "सायबान दिल्यान," ते सांगत होते. "नवे कोरे आसत. आतून लोकर आसा." तिकडून बाई काहीतरी म्हणाली आणि मामा हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

मी पुढे व्हायला हवं होतं. मामा, गैरसमज झाला, एवढे तीन शब्द लागले असते. किंवा एकही शब्द न बोलता बूट त्यांचे होऊ द्यायचे आणि स्वतःसाठी दुसरा जोड घ्यायचा. मला ते परवडत नव्हतं असं मुळीच नाही. मी उलट पावली मागे फिरलो आणि केबिनमध्ये जाऊन उगाच एका सुपरवायझरवर खेकसलो. मला राग येतो तो माझ्या चुकीचा, आणि निघतो दुसऱ्यावर. घरच्यांना हे पाठ आहे.

पंधरा दिवस झाले. बूट लांबून दिसायचे; यार्डात लोखंडी टोपी सक्तीची, पण तिकडे मी काणाडोळा केला होता. घोट्यापाशी चामडं छान वाकायला लागलं होतं, आणि मी ते बघून मनात खूश होत होतो. हे लिहिताना कान तापतात, पण खूश होत होतो हे खरं आहे.

बुधवारी मामांना केबिनमध्ये बोलावलं. कागदांकडे बघत म्हणालो, "मामा, ते बूट मला लागतील आता. उद्या निघायचंय ना शिकारीला."

मामा घाईघाईने म्हणाले, "हो, हो. तुमचेच आहेत ते." जणू चूक त्यांची होती आणि ती मला दिसायच्या आत त्यांना झाकायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोड माझ्या टेबलाशेजारी होता. बाहेरून पुसलेला, लेस धुतलेल्या, आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले. मामा बाहेर लोखंडी टोपीच्या बुटांत वेल्डिंग करत होते. मी पाय आत घातला. कुठे म्हणून कुठे टोचलं नाही. फक्त तळव्याखाली खळगा पडला होता, तो माझ्या पायाचा नव्हता.

शिकारीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ससाण्याने काही धरलं नाही. आम्ही पहाटेपासून ऊन चढेपर्यंत चाललो. माझ्याबरोबरचा अकाउंटंट निम्म्या वाटेत लंगडायला लागला, त्याचे बूट आठशे ग्रॅमवाले होते आणि मोजे घामाने ओले झाले होते. मुदीर माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "शाब्बास. तुला बुटांतलं कळतं. कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "वाचलं होतं."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. बीळ मामांचं, अक्कलही मामांचीच, आणि फणा काढून बसलो होतो मी.

घरी आल्यावर बायकोने आधी माझ्या टाचा बघितल्या. तिला माझे पाय माहीत आहेत. "या वेळी चावले कसे नाहीत?" तिने विचारलं. मी तिला युक्ती सांगितली. हो, युक्तीच म्हणालो, आणि थोड्या ऐटीत. ती भाजी निवडत होती, ती थांबली.

"त्यांना वाटलं असेल तुम्ही दिलेत."

"वाटलं असेल. मी तसं म्हणालो नव्हतो."

"तोंडाने मामा म्हणायचं," ती म्हणाली, "आणि मामाच बनवायचं." पुन्हा भाजी निवडायला लागली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी त्या दोन दिवसांत स्वतःची बाजू मनात शंभर वेळा मांडली आणि दर वेळी हरलो. तरीही मामांपाशी जाऊन बोलायचं धाडस झालं नाही. बूट गाडीच्या डिकीत पडून राहिले, वाळवंटाच्या धुळीसकट.

थंडी सरली. मार्च आला, पत्रे तापायला लागले. सुट्टी संपवून गावाहून परत आलेल्या एकाने मामांचं पार्सल आणलं, आणि दुपारी मामा त्यातली एक पिशवी घेऊन माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले. आमसुलं होती, कुळथाचं पीठ होतं आणि कापडात घट्ट बांधलेले काजू.

"घरून पाठवलंय. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? का?"

मामा खाली बघत म्हणाले, "बुटांसाठी." मग आवाज आणखी खाली आणून, "घरी काय बोललो नाय मी, साहेब. तिला वाटतं अजून माझ्याच पायात आहेत. सारखी म्हणते दाखवा, दाखवा. किती दिवस टाळू?" ते घुटमळले. "दोन मिनिटं घालायला द्याल? व्हिडिओवर दाखवतो नि लगेच काढतो."

मी उठलो. डिकीतून बूट आणले. त्यांच्या हातात देण्याआधी रुमालाने पुसायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातातून घेतले आणि स्वतः पुसले. माझ्याच केबिनमध्ये, बाहेर ऊन रणरणत असताना, खुर्चीवर बसून त्यांनी ते लोकरीचे बूट चढवले आणि फोन लावला. पाय दाखवले, वाकवून दाखवले. मग म्हणाले, "ही बोलते म्हणते तुमच्याशी," आणि फोन माझ्याकडे वळवला.

डोक्यावर पदर घेतलेली एक सावळी, हसरी बाई होती. हात जोडून म्हणाली, "सायबानु, तुमचे लय उपकार झाले. दर वर्षी थंडीत ह्यांचे पाय फुटत. औंदा फुटाक नाय."

मी म्हणालो, "उपकार कसले, वहिनी." याहून खरं वाक्य मी त्या वर्षात बोललो नसेन, पण तिने ते नम्रपणा समजून घेतलं आणि पुन्हा हात जोडले.

फोन बंद झाला. मामा वाकून लेस सोडू लागले. मी म्हणालो, "मामा, राहू द्या. ते तुमचेच आहेत. मी चुकलो, मी तेव्हाच…"

"नको साहेब," ते म्हणाले, अगदी साधेपणाने. "आता गरम होतं."

त्यांनी बूट काढले, मोजेही काढून झटकले. तेव्हा मला त्यांच्या टाचा दिसल्या. दोन्ही टाचांना उभ्या खोल भेगा होत्या, काळ्या पडलेल्या, थंडीत फुटलेल्या आणि अजून न भरलेल्या. त्यांनी बुटांचा जोड नीट जुळवला, माझ्या पायांपाशी ठेवला आणि लोखंडी टोपीचे बूट घालून कामावर गेले.